भात राहू द्या, ताट भरा

वैनगंगेच्या खोऱ्यात जेवणाचा पाया भात आहे आणि तो तसाच राहणार आहे. बालाघाट, वारासिवनी, लालबर्रा, किरणापूर, लांजी, कुठल्याही रस्त्याने गेलात तरी दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसतात. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मुलखात एखाद्याच्या रक्तातली साखर वाढते, ‘भात बंद करा’ असा सल्ला मिळतो आणि घरातले सगळे गोंधळून जातात. चार दिवस पोळ्यांचे होतात, दुकानातून ओट्सचा महागडा डबा येतो, तो अर्धा संपायच्या आत मागच्या फळीवर जातो आणि भाताचा ढीग पुन्हा ताटात येतो.

हे असे होते, कारण सल्ला चुकीच्या टोकाला धरलेला असतो. भाताने इथल्या पिढ्या जगवल्या आहेत. पण त्या पिढ्यांच्या ताटात भात एकटा नव्हता. धानाच्या शेतातून फक्त धान घरी येत नसे. धुऱ्यावर तूर उभी असे. धान कापणीला यायच्या सुमारास बांधीतल्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा फेकला जाई. त्याला इकडे उतेरा म्हणतात. बोडीत लहान मासळी मिळे, तळ्यात शिंगाडा होई आणि पहिल्या पावसानंतर बांधावर पाला उगवे. आज ताटात भात आहे, त्याच्या शेजारी पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि तळलेला पापड आहे. बाकीचे सारे हळूहळू बाजूला पडले. घरात साधे आणि जास्त पौष्टिक खाणे करायचे असेल तर बालाघाटच्या माणसाने बाहेरून काही आणण्याआधी हे हरवलेले शेजारी परत बोलवावेत, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

किराण्याच्या यादीतून हिशेब

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे चुकीच्या आहाराशी जोडलेले आहे, असा तिचा अंदाज आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिने ताटाचा एक नमुना दिला आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि त्यातल्या १०० ग्रॅम पालेभाज्या, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलीटर, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजने कच्च्या मालाची आहेत. शेतात किंवा खाणीत राबणाऱ्याला यापेक्षा जास्त लागते, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला कमी पुरते.

रोज तराजू घेऊन कोणी स्वयंपाक करत नाही. पण महिन्याची किराण्याची यादी प्रत्येक घरात असते आणि तीच आपल्या आहाराची खरी नोंद आहे. चार मोठी माणसे धरा. माणशी २७ ग्रॅम या हिशेबाने तेल-तूप मिळून महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास पुरायला हवे. मिठाची मर्यादा माणशी ५ ग्रॅम आहे, म्हणजे एक किलोचा पुडा चौघांना ५० दिवस पुरावा. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठ याच ५ ग्रॅममध्ये धरायचे, हेही लक्षात ठेवावे. साखर आणि गूळ मिळून माणशी २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना महिन्याला तीन किलोच्या आत.

आता डाळ पाहा. माणशी ८५ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्ये लागतात. मासळी, अंडी, मटण खाणाऱ्या घरात यातला काही वाटा त्यातून निघतो. तरीही आपली यादी काढून बघितली तर बहुतेक घरांत तेलाचा आकडा हिशेबाच्या वर आणि डाळीचा आकडा खूप खाली दिसेल. नेमके काय बदलायचे ते या दोन ओळीच सांगतात.

तांदूळ: गिरणीतून पातेल्यापर्यंत

धानाचे टरफल काढले की तांबूस तांदूळ मिळतो. त्यावरचा कोंडा आणि अंकुर गिरणीत घासून काढला की पांढराशुभ्र दाणा उरतो. जीवनसत्त्व ब-१, तंतू, स्निग्धांश आणि खनिजे यांचा मोठा भाग त्या कोंड्याबरोबर जातो. १८९० च्या दशकात ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराने जावा बेटावर पाहिले, की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या सुधारतात. बेरीबेरी या रोगाचे कोडे त्यातून उलगडत गेले आणि १९२९ साली आइकमानना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कोंबड्यांचा धडा गोंदिया-बालाघाटच्या गिरणीच्या दारात आजही लागू आहे. घरच्या धानाची पिसाई करून आणत असाल तर गिरणीवाल्याला ‘पॉलिश कमी ठेवा’ एवढे सांगता येते. तांदूळ थोडा पिवळट दिसेल, शिजायला पाच-दहा मिनिटे जास्त लागतील आणि तो लवकर किडतो म्हणून महिन्याभराचाच भरडून आणावा लागेल. त्या बदल्यात तो पोटात जास्त वेळ टिकतो.

उसना तांदूळ हा दुसरा मार्ग. धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले की कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते आणि नंतर पॉलिश झाले तरी त्यातले बरेच शिल्लक राहते. या पट्ट्यात उसना तांदूळ काढणाऱ्या गिरण्या आहेत, पण घरोघरी त्याच्या वासाला नाक मुरडले जाते. आठवड्यातून दोनदा खिचडीत वापरला तर वास जाणवत नाही.

चिन्नोरबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मानांकन त्याच्या मातीला, सुगंधाला आणि मऊपणाला मिळाले आहे. पॉलिश केलेला चिन्नोर पोषणाच्या दृष्टीने इतर पॉलिश तांदळासारखाच. तो सणासुदीला, खिरीला, पाहुण्यांना जरूर करावा आणि कौतुकाने खावा.

रेशनच्या तांदळाकडे थोडे जवळून पाहू. मूठभर तांदूळ सुपात पसरा. अधूनमधून एखादा दाणा बाकीच्यांपेक्षा जरा फिकट किंवा पिवळसर, कडा गुळगुळीत असलेला दिसतो. धुताना तो कधी वर तरंगतो. ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणत कित्येक घरांत असे दाणे वेचून फेकले गेले. हा दाणा तांदळाच्याच पिठाचा असतो. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याला तांदळाचा आकार देतात आणि साध्या शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. तो वेचून फेकणे म्हणजे सरकारने दिलेले औषध गटारात टाकणे. असा तांदूळ मिळाला तर एकदोनदाच हलक्या हाताने धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा. भात वेळून मांड ओतून देऊ नका. उरलाच तर त्यात मीठ-जिरे घालून प्या किंवा वरणात घाला, कारण पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे त्यातच असतात.

घाट चढल्यावर कोदो-कुटकी

बालाघाटहून बैहरचा घाट चढला की शेती बदलते. बैहर, परसवाडा, बिरसा या पठारी भागात हलक्या, उताराच्या जमिनीवर बैगा आणि गोंड शेतकरी कोदो आणि कुटकी ही भरडधान्ये पिकवतात. भाताला लागणारे उभे पाणी यांना लागत नाही. कोदोच्या दाण्यावर टरफलाचे अनेक थर असल्यामुळे टरफल न काढलेला कोदो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच दुष्काळात तोच शेवटचा आधार असे. हेच टरफल त्याच्या मागे पडण्याचेही कारण झाले. ते काढायला बायकांना जाते आणि उखळ यांवर तासन्‌तास घालवावे लागत आणि तेवढ्यात रेशनचा तयार तांदूळ दारात आला.

शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्या आत असतात, तर कोदोत सहाच्या वर आणि कुटकीत सातच्या वर. प्रथिने तांदळात सुमारे आठ, कोदोत नऊ आणि कुटकीत दहा ग्रॅम. तंतूंमुळे जेवणानंतर साखर रक्तात सावकाश चढते आणि भूक लवकर लागत नाही. मात्र कोदोही धान्यच आहे, त्यातही मुख्यतः पिष्टच असते. ‘कोदो आहे’ म्हणून दुप्पट वाढून घेतला तर मधुमेह्याला काही फायदा नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षी शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या लहरीबाई या बैगा तरुणीचे नाव देशभर झाले. तिने आपल्या घरात भरडधान्यांच्या देशी वाणांची बीजपेढी जपली आहे. शहरांत कोदोची पाकिटे महाग विकली जातात, बैहरच्या बाजूच्या आठवडी बाजारात तोच कोदो स्वस्तात मिळतो. बालाघाटच्या माणसाने तो तिथूनच घ्यावा. पैसा पिकवणाऱ्याच्या हातात जातो.

घेताना एक काळजी हवी. कापणीच्या वेळी पाऊस लागला आणि दाणा ओला राहिला तर कोदोवर बुरशी चढते आणि काही बुरशी विष तयार करतात. असा कोदो खाल्ल्याने गरगरणे, उलट्या, हातपाय थरथरणे असे त्रास होतात. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले. तपासणीत कोदोतून गेलेले सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष आढळले. तेव्हा कोदो कोरडा, स्वच्छ आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडचा घ्यावा. कुबट वास येत असेल किंवा दाणे काळपट असतील तर शिजवून पाहण्याच्या फंदात पडू नये.

कोदो शिजवणे सोपे आहे. टरफल काढलेला एक वाटी कोदो तीन-चार पाण्यांनी धुवा आणि अर्धा तास भिजत ठेवा. पातेल्यात चमचाभर तेलावर जिरे, लसूण, हिरवी मिरची परता, त्यात पाव वाटी मुगाची डाळ आणि ओंजळभर मुनग्याचा पाला घाला. साडेतीन वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवा, मंद आचेवर वीस मिनिटे शिजवा, मग आच बंद करून दहा मिनिटे झाकूनच राहू द्या. वरून लिंबू पिळा. पहिल्यांदा खाणाऱ्या मुलांसाठी निम्मा कोदो आणि निम्मा तांदूळ घ्या. जिभेला सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

धुऱ्यावरची तूर, बांधीतले जवस

तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी असते, ते तांदळातून मिळते. वरण-भात एकत्र खाल्ला की दोघांची उणीव भरून निघते. पण त्यासाठी वरणात डाळ दिसली पाहिजे. चार माणसांच्या वरणात मूठभर डाळ आणि तांब्याभर पाणी असेल तर हे गणित जुळत नाही. भाताच्या तीन वाट्यांमागे घट्ट वरणाची किंवा उसळीची एक वाटी, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. पोपटाच्या शेंगांचे दाणे, बरबटी, मूग, हरभरा, मसूर आलटून पालटून करावेत. मोड आणलेल्या मुगाची उसळ चमचाभर तेलात होते आणि तिला भाजीची जोडही लागत नाही.

लाखोळीबद्दल मात्र सावध राहावे. या डाळीत मज्जातंतूंना इजा करणारे एक द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त हीच डाळ खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास मध्य भारतात आहे आणि १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीही आली होती. गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा नव्या पाण्यात शिजवले की हे द्रव्य बरेच कमी होते. तरीही रोजच्या वरणासाठी तूर, मूग, मसूरच वापराव्यात. हिवाळ्यात लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, तीही अधूनमधून आणि बेताने खावी.

जवस ही या मातीची मोठी देणगी. मासळी न खाणाऱ्यांना ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल मिळण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जवस. अख्खे दाणे न पचता निघून जातात, म्हणून ते मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून कुटावे लागतात. वाटीभर जवस, सात-आठ लाल मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, जिरे आणि मीठ कुटून केलेली चटणी आठ-दहा दिवस टिकते. तिचे तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून थोडीच करावी आणि बरणी घट्ट बंद ठेवावी. भातावर दोन चमचे ही चटणी असेल तर पापड तळायची गरज पडत नाही.

मासळी खाणाऱ्या घरांत बोडीतली लहान मासळी काट्यांसकट खाल्ली जाते, हे फार चांगले. काट्यांतले कॅल्शियम त्यातून मिळते. ती तळण्याऐवजी आंबट रश्शात शिजवली तर तेलही वाचते.

पाल्याचे दिवस

मार्गदर्शिकेने सांगितलेला १०० ग्रॅम पाला म्हणजे न शिजवलेल्या पाल्याच्या दोन भरगच्च ओंजळी. शिजल्यावर त्याची जेमतेम अर्धी वाटी होते. या जिल्ह्यात तो मिळवणे अवघड नाही. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला येतो, मग कोचईची पाने आणि अंबाडी, हिवाळ्यात लाल माठ, पालक, हरभऱ्याचा पाला. मुनगा तर वर्षभर दारात असतो. शंभर ग्रॅम मुनग्याच्या पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, वजनाला वजन धरले तर दुधाच्या अडीचपट. आपण शेंगा खातो आणि पाला शेळ्यांना घालतो. तो धुऊन, सावलीत वाळवून, चुरून डब्यात भरला तर वरणात, पोळीच्या पिठात, थालीपिठात चमचा-दोन चमचे घालता येतो.

पाला चिरण्याआधी धुवावा, चिरल्यावर धुतला तर जीवनसत्त्वे पाण्यात जातात. कोचईची पाने घशाला खाजतात, म्हणून त्यांत चिंच किंवा आंबट ताक हवेच. वड्या वाफवून ठेवा आणि तव्यावर थोड्या तेलात परता. कढईभर तेलात तळलेल्या वडीइतक्याच त्या खुसखुशीत होतात.

मधल्या वेळची भूक

संध्याकाळी पाच वाजता मुलाला भूक लागते आणि घरात काही नसते. नेमकी त्या वेळी समोसा, कचोरी किंवा रंगीत पुडके येते. हे टाळायला उपदेशाचा उपयोग होत नाही. घरात डबे भरलेले असावे लागतात. एका डब्यात मुरमुरे, दुसऱ्यात फुटाणे, तिसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. मुरमुरे हलके असतात, पोट भरत नाहीत, कारण तो नुसता फुललेला तांदूळ. त्यात निम्मे फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे मिसळले, वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू घातले की दोन मिनिटांत पोटभर खाणे तयार होते. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात.

पोह्यांचेही तसेच. नुसते पोहे आणि बटाटा म्हणजे पिष्टावर पिष्ट. नागपूरकडची तर्री आपल्याकडेही पोहोचली आहे. तिच्यातला हरभरा ठेवावा आणि वर तरंगणारे तेल कमी करावे. हिवाळ्यात तळ्यांतून शिंगाडे येतात. ते उकडून विकतात, तेव्हा मुलांच्या हातात तेच द्यावेत. चैतात वेचून वाळवलेली मोहफुले तव्यावर भाजून तीळ आणि शेंगदाण्यांबरोबर कुटली की लाडू होतात, वेगळा गूळ लागत नाही. पण वाळलेल्या मोहफुलांत सुमारे दोन तृतीयांश साखरच असते, म्हणून दिवसाला एक लहान लाडू पुरे. पेरू, बोरे, पपई ही फळे या भागात मिळतात आणि सफरचंदापेक्षा स्वस्तही असतात. पेरूतले क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी वर असते.

तळण पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही. सणाला करंजी आणि चकली व्हायलाच हवी. पण एकदा तळलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा पुन्हा तळायला घेऊ नये. वारंवार तापलेल्या तेलात अपायकारक संयुगे वाढत जातात आणि ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा हॉटेल आणि दुकानांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे. रस्त्यावरच्या कढईतले काळे, फेसाळ तेल पाहून आपणच ठरवावे.

काय प्यावे

अडीचशे मिलिलीटरच्या थंड पेयाच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते. म्हणजे दिवसाची सारी मर्यादा पाच मिनिटांत संपली. चहाचाही हिशेब करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम. कपाचा आकार निम्मा करणे आणि दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी करणे, एवढे केले तर महिना-दोन महिन्यांत जीभ बदलते आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो.

उन्हाळ्यात बालाघाटचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या उन्हाला उत्तर देणारी पेये इथल्या माणसांनी केव्हाच शोधली आहेत. बैगा माणूस रानात जाताना वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पेज घेऊन जातो. तुंब्यात ती दिवसभर थंड राहते. पेज तहान भागवते, मीठ पुरवते आणि थोडे पोटही भरते. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बायांना याहून चांगले पेय सापडणार नाही. घरी करायची तर पाव वाटी कुटकी धुऊन जाडसर भरडा, सहा वाट्या पाण्यात मीठ घालून अर्धा तास मंद आचेवर शिजवा, निवल्यावर वाटीभर ताक घाला.

आंबील करायची तर चार चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात रात्री कालवून ठेवा. सकाळी ते तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून आठ-दहा मिनिटे सतत ढवळत शिजवा. निवल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर घाला. रात्रभर आंबल्याने पीठ पचायला हलके होते. आंबवलेली पेये मडक्यात झाकून ठेवावीत आणि त्याच दिवशी संपवावीत. तार सुटली किंवा वास बदलला तर टाकून द्यावीत. रात्रीचा भात तसाच कोरडा उघड्यावर ठेवून सकाळी खाणे उन्हाळ्यात धोक्याचे आहे. भात शिजल्यावर त्यातले काही जंतू तग धरतात, उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात उरला तर निवताच थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

बेलाचे सरबत, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी ही सारी चांगली, पण त्यांत साखर ओतली की बाटलीतल्या पेयाइतकीच वाईट. पेल्याला एक चमचा गूळ आणि चिमूटभर मीठ पुरेसे आहे.

लोह, आवळा आणि रक्ताची तपासणी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाल्यातले आणि डाळीतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत लागते आणि चहातली द्रव्ये ते शोषण अडवतात. म्हणून जेवणात लिंबाची फोड किंवा आवळ्याची चटणी असावी आणि चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा. याला एक पैसाही जास्त लागत नाही. घरात सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्यावर जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ आणि पाला पोहोचतो का, हेही घरातल्या प्रत्येकाने पाहायला हवे.

मात्र सगळा अशक्तपणा खाण्यातून येत नाही. विदर्भाच्या पूर्वेपासून महाकोशलपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते. घरात वारंवार सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, दम लागणे असे कोणाला होत असेल तर आधी ती तपासणी करावी. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत आणि पाणी, ताक, पेज यांत कधी खंड पडू देऊ नये, कारण शरीर सुकले की त्याच्या वेदना उफाळतात.

सुरुवात कुठून करावी

सगळे एकदम बदलायला गेले की काहीच टिकत नाही. या महिन्याच्या किराण्याच्या यादीत तीनच दुरुस्त्या करा. तेल एक लिटरने कमी लिहा, डाळी-कडधान्ये दोन किलोने जास्त लिहा आणि जवस अर्धा किलो नव्याने लिहा. रविवारी बाजारातून दोन जुड्या पाला आणि एक किलो कोदो किंवा कुटकी आणा. आठवड्यातून दोन जेवणे त्यांची करा, बाकी दिवस भात खुशाल खा. शेत असेल तर यंदा धुऱ्यावर तूर लावा आणि उतेऱ्याला निदान एका बांधीत जवस टाका. डॉक्टरांनी साखरेसाठी किंवा रक्तदाबासाठी औषध दिले असेल तर ते चालू ठेवा. हा आहार औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

बालाघाटच्या मातीत चांगल्या जेवणाला लागणारे जवळपास सारे काही पिकते. ते आपल्या ताटापर्यंत येऊ द्यायचे, एवढे काम आपल्या हातात आहे आणि ते याच आठवड्यापासून करता येईल.